झुरळांचं बिऱ्हाड कसं उठवायचं : खान्देशातल्या घरांसाठी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस राहिले होते. रात्री दीडच्या सुमारास पाणी प्यायला उठले, ओट्यावरचा दिवा लावला आणि मिक्सरच्या मागून पंधरा-वीस झुरळं वाट फुटेल तिकडे पळाली. एक तर सरळ पाण्याच्या तांब्याच्या काठावर बसून मिशा हलवत होतं. नणंद माहेरपणाला यायची, सोबत तिची दोन लहान मुलं. दुसऱ्याच दिवशी बाजारातून स्प्रेचा मोठा डबा आणला आणि ट्रॉल्यांत, फ्रीजमागे, सिंकखाली, सगळीकडे फवारला. सकाळी केरसुणीने सव्वीस मेलेली झुरळं गोळा केली. इतकं बरं वाटलं की काय सांगू.

चार दिवसांनी समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी विचारलं, "तुमच्याकडे झुरळं झालीत का हो? आमच्याकडे एकदम वाढली." मी गप्प. तीन आठवड्यांनी माझ्याकडेही परत आली, ती बारीक पिल्लं, आणि या वेळी स्वयंपाकघर सोडून झोपायच्या खोलीतल्या कपाटात. सासूबाई अमळनेरकडच्या, अस्सल अहिराणी. त्या म्हणाल्या, "एक मारं का दहा येतस."

चूक माझीच होती. दिसलेलं झुरळ मारलं, पण त्याचं घर कुठे आहे ते पाहिलंच नव्हतं. स्प्रे थेट अंगावर पडला तर झुरळ मरतं. बाकीच्यांना त्या वासाचा नुसता त्रास होतो, मग ती भिंतीतल्या पाइपाच्या भोकातून शेजारी जातात, नाहीतर आतल्या खोलीत सरकतात. अंड्यांच्या पुडीत तर फवारा शिरतच नाही. त्यानंतर दोन वर्षांत धडपडत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. काम तीन महिन्यांचं आहे, पण रोजचा वेळ दहा मिनिटांहून जास्त लागत नाही.

आधी झुरळ ओळखा

आपल्या घरांत मुख्यतः दोन जातींची झुरळं असतात आणि दोघांचा इलाज वेगळा. हे कळलं नाही तर निम्मा पैसा वाया जातो.

एक छोटं, फिकट तपकिरी, लांबी सव्वा ते दीड सेंटिमीटर. डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा असतात. याला जर्मन झुरळ म्हणतात. पंख असून उडत नाही. हे घरातच जन्मतं आणि घरातच मरतं, गटारात फारसं राहत नाही. म्हणजे ते चालत आलेलं नसतं, आपणच आणलेलं असतं: किराण्याच्या खोक्यातून, कांद्या-बटाट्याच्या गोणीतून, जुना फ्रीज घेतला तर त्याच्या मोटारीतून, प्रवासाच्या बॅगेतून. मादी अंड्यांची पुडी शेपटाकडे चिकटवूनच फिरते, पिल्लं निघायच्या बेतात असताना सोडते. एका पुडीत ३० ते ४० अंडी. उबदार हवेत दोन-अडीच महिन्यांत पिल्लू स्वतः अंडी घालण्याजोगं होतं. हिशेब तुम्हीच करा.

दुसरं मोठं, तांबूस, साडेतीन-चार सेंटिमीटरचं, ढालीच्या कडेला पिवळसर पट्टा. हे अमेरिकन झुरळ. पावसाळ्याच्या तोंडाशी संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती भिरभिरून अख्ख्या घराला पलंगावर चढवतं ते हेच. त्याचं खरं घर म्हणजे गटार, चेंबर, संडासाची टाकी. आपल्याकडे ते पाहुणं म्हणून मोरीतून येतं. त्याची अंड्यांची पुडी उडदाच्या दाण्याहून मोठी, काळपट, शिवलेल्या बटव्यासारखी दिसते आणि कोपऱ्यात चिकटवलेली सापडते. तिच्यात १४ ते १६ अंडी असतात. पिल्लू मोठं व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, त्यामुळे ही जात हळू वाढते.

छोटं झुरळ असेल तर लढाई ओट्याखाली. मोठं असेल तर मोरीत आणि इमारतीच्या चेंबरपाशी. दोन्ही असतील (माझ्याकडे होती) तर दोन्हीकडे.

टॉर्च घेऊन रात्रीची फेरी

हे काम सगळ्यांत महत्त्वाचं आणि नेमकं हेच कोणी करत नाही. घर झोपल्यावर, दिवे बंद होऊन तासभर झाल्यावर, मोबाइलची टॉर्च घेऊन स्वयंपाकघरात जा. दिवा लावायचा नाही. अनवाणी जाऊ नका, मी गेले होते आणि ते अजून आठवतं.

झुरळाला अरुंद फट आवडते, जिथे पाठ आणि पोट दोन्ही कशाला तरी टेकतं. एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढ्या जाडीची फट मोठ्या माणसाला, म्हणजे मोठ्या झुरळाला, पुरते. पिल्लांना तिच्या निम्मी. म्हणून अशा जागा पाहा: ट्रॉलीच्या चॅनलमागे, कपाटाच्या बिजागरीत, सिंकच्या खालच्या कडेला, गॅसच्या शेगडीखाली, फ्रीजच्या मागे मोटारीपाशी, फ्रीजच्या दाराच्या रबराच्या घड्यांत, मिक्सरच्या बुडाखाली, भिंतीवरच्या घड्याळामागे, देव्हाऱ्याच्या पाठीमागे. माझ्याकडे मुख्य वस्ती निघाली फ्रीजच्या त्या रबरात आणि वॉटर फिल्टरच्या मागे. फिल्टर भिंतीवरून उतरवला तर मागे चहाची भुकटी सांडल्यासारखे ठिपके, सुकलेल्या काती आणि एक खवट, तेलकट वास. ते ठिपके म्हणजे त्यांची विष्ठा. जिथे असे ठिपके दाट, तिथे बिऱ्हाड.

मोठ्या झुरळाची विष्ठा जाडसर असते, दोन्ही टोकं बोथट आणि अंगावर बारीक रेघा. टोकदार दिसली तर तो उंदीर, त्याचा लेख वेगळा.

या फेरीत एक कागद जवळ ठेवा. कुठे किती दिसली ते लिहा. किंवा चिकट सापळे (पुठ्ठ्याचे, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात) पाच-सहा जागी भिंतीला टेकवून ठेवा आणि तीन दिवसांनी मोजा. सापळ्याने झुरळं संपत नाहीत, ते आपलं मोजमाप आहे. सापळा नसेल तर काचेची बरणी घ्या, आत पिकल्या केळाचा तुकडा टाका, गळ्याला आतून खोबरेल तेल चोपडा आणि बाहेरून जुनं फडकं गुंडाळा. आत उतरलेलं झुरळ तेलावरून वर चढू शकत नाही. केळं आपल्या खान्देशात कुणाकडे नसतं?

माझा पहिला आकडा होता पाच सापळ्यांत ६३.

पाणी तोडा

झुरळ अन्नाशिवाय महिनाभरसुद्धा काढतं. पाण्याशिवाय मात्र त्याचं लवकर आटोपतं, छोट्या जातीचं तर दोन आठवड्यांच्या आतच. बाहेर पारा ४४-४५ ला गेला, सगळीकडे कोरडं ठक्क, की गारवा नि ओल उरते ती फक्त आपल्या घरात. उन्हाळ्यात झुरळं का वाढतात, याचं निम्मं उत्तर यातच आहे.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येक घरात ड्रम, हंडे, टाक्या भरलेल्या. ड्रमखालचं लाकडी पाटलं किंवा विटा कायम ओल्या. मी ड्रम हलवला तेव्हा पाटल्याच्या खालच्या बाजूला मोठ्या झुरळांच्या सात पुड्या चिकटलेल्या होत्या. पाटलं फेकलं, लोखंडी तिपाई आणली. माठाखालची ताटली रोज रात्री उपडी करा. फ्रीजच्या मागे खाली पाणी साठायचा एक ट्रे असतो, तो बऱ्याच घरांत वर्षानुवर्षं कोणी पाहिलेला नसतो. बघा एकदा, जेवणाआधी नको.

आणि कूलर. खान्देशात कूलरशिवाय उन्हाळा नाही आणि झुरळाला कूलरसारखी धर्मशाळा नाही: अंधार, ओलं गवत, टाकीच्या कडेला शेवाळ. मोसम संपला की आपण कूलर तसाच ओला माळ्यावर टाकतो. गवताच्या जाळ्या काढून फेका, टाकी साबणाने घासा, दोन दिवस कडक उन्हात उघडी ठेवा आणि मगच वर चढवा. पुढच्या मार्चला नवं गवत भरायचंच असतं, जुनं जपून काय मिळणार?

रात्री झोपण्यापूर्वी सिंक कोरड्या फडक्याने पुसायचं आणि घासणी पिळून उभी ठेवायची. खरकटी भांडी पाण्यात बुडवून रात्रभर ठेवायची सवय मोडली, त्या आठवड्यात फरक दिसला. गळणारा नळ असेल तर वायसर बदला, वीस मिनिटांचं काम आहे.

मोरी, नाहणी आणि फटी

मोरीतल्या जाळीखाली जो भाग असतो, प्लंबर ज्याला नाहणी ट्रॅप म्हणतो, त्याच्या वाकड्या गळ्यात थोडं पाणी कायम साठलेलं असतं. ते पाणी म्हणजे गटार आणि तुमचं घर यांच्यामधलं दार. पाहुण्यांच्या खोलीतलं न वापरलेलं बाथरूम असेल तर एप्रिल-मेमध्ये हे पाणी भराभरा आटतं आणि दार सताड उघडं पडतं. गावाला जाऊन पंधरा दिवसांनी परतल्यावर बाथरूममध्ये मोठी झुरळं फिरताना दिसतात, ती यामुळे. उपाय फुकट आहे: दर दोन-तीन दिवसांनी तांब्याभर पाणी ओता. गावाला जाणार असाल तर पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडा, तेलाचा तवंग आला की पाणी लवकर उडत नाही.

साध्या जाळीऐवजी बारीक भोकांची 'कॉकरोच जाळी' बसवून घ्या. सिंकचा पाइप जमिनीत जातो तिथे बहुधा दोन बोटांचं भोक तसंच सोडलेलं असतं, ते पांढऱ्या सिमेंटने भरा. भिंतीतून गॅसचा पाइप, केबल, एसीची नळी जिथे आत येते तिथे एम-सील किंवा सिलिकॉन. ओटा आणि टाइल्स यांच्यामधली चीर सुद्धा. फटी बुजवायचं काम जेल लावल्यानंतर महिन्याभराने करा, आधी केलं तर झुरळं आत कोंडून दुसरीकडून वाट काढतात. नाहणीचं काम मात्र पहिल्याच दिवशी.

मोरीत उकळतं पाणी ओतायचा सल्ला सगळे देतात. समोर असलेली मरतात हे खरं, पण पीव्हीसीचे पाइप उकळत्या पाण्याने वाकतात आणि सांधे सुटतात. मी ओतत नाही.

खाण्याचं थोडक्यात

शेवभाजीचा तर्रीदार रस्सा उकळताना जे शिंतोडे शेगडीमागच्या टाइल्सवर उडतात, त्यावर झुरळांचं अख्खं कुटुंब पोसतं. शेगडी आठवड्यातून एकदा उचलून खाली पुसा. कचऱ्याचा डबा रात्री घराबाहेर किंवा घट्ट झाकणाचा. पापड, कुरडया, बिबडे पत्र्याच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून नको. किराण्याचं खोकं घरात ठेवायचं नाही, सामान काढलं की खोकं बाहेर. पुठ्ठ्याच्या नागमोडी पोकळ्या पिल्लांना मोजून बनवल्यासारख्या असतात. रद्दीचंही तेच.

जेल : खरं औषध

छोट्या झुरळावर जेलइतकं कामाचं दुसरं काही मला मिळालं नाही. इंजेक्शनसारख्या नळीत येतं. त्यात झुरळाला आवडणारं खाद्य आणि फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असं विष असतं. खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, आपल्या बिळात परत जाऊन तिथे मरतं. बाकीची झुरळं त्याची विष्ठा आणि मेलेलं अंगही खातात, पिल्लं तर विशेष करून, आणि तीही मरतात. विष असं बिऱ्हाडात पोहोचतं. स्प्रेला हे कधी जमणार नाही.

लावायची पद्धत नीट पाळा. लोक एकाच जागी लाडवाएवढा गोळा लावतात आणि मग म्हणतात, काही झालं नाही.

रात्रीच्या फेरीत जिथे ठिपके दाट दिसले, तिथेच आणि त्याच्या हातभर आजूबाजूला लावायचं. जागा आधी ओल्या फडक्याने पुसून सुकू द्या, तेलकट थरावर जेल चिकटत नाही. थेंब मसुराच्या दाण्याएवढा. ट्रॉलीच्या चॅनलमागे दोन, प्रत्येक बिजागरीपाशी एक, सिंकच्या खाली तीन-चार, फ्रीजच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत, फिल्टरच्या मागे. एका भरल्या स्वयंपाकघराला २५-३० थेंब लागतात. ऊन येतं, शेगडीची धग लागते किंवा पाणी उडतं अशा जागी नको. आपल्या उन्हाळ्यात थेंब लवकर सुकून कडक होतो, मग झुरळ त्याला तोंड लावत नाही, म्हणून दर दहा-बारा दिवसांनी बोटाच्या नखाने नव्हे, काडीने टोचून पाहा. सुकला असेल तर शेजारी नवा. विजेच्या बोर्डात आत घालू नका, आणि फ्रीज-मिक्सरला लावताना प्लग काढा. मुलांचा आणि मांजराचा हात-तोंड पोहोचेल अशा उघड्या जागी तर नाहीच. काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

आता सगळ्यांत मोठी अट: जेल लावलं की तीन महिने स्प्रे बंद. खडूही नाही, फिनाइलचा मारा त्या जागी नाही. फवाऱ्याचा वास लागलेलं जेल झुरळ हुंगून सोडून देतं. मी पहिल्या वेळी जेल लावलं आणि चौथ्या दिवशी एक मोठं झुरळ दिसलं म्हणून घाबरून स्प्रे मारला. सगळं जेल वाया.

समोर दिसलेलं मारायचंच असेल तर अर्धा लिटर पाण्यात भांड्याचं लिक्विड दोन चमचे घालून फवारणीच्या बाटलीत भरून ठेवा. झुरळ अंगाच्या दोन्ही बाजूंच्या बारीक भोकांतून श्वास घेतं, साबणाच्या पाण्याने ती बुजतात आणि ते मिनिटभरात थंड पडतं. जेलपासून दूर मारा आणि नंतर पुसून घ्या.

पहिल्या आठवड्यात दिवसाढवळ्या झिंगलेली झुरळं ओट्यावर दिसतील, उताणी पडून पाय हलवतील. ते औषध लागू पडल्याचं लक्षण आहे, घाबरू नका. मेलेली ओल्या कागदात उचलून कचऱ्यात. कोरड्या झाडूने फटकारू नका, कारण त्यांची विष्ठा आणि कातींची धूळ श्वासात गेली की दम्याच्या माणसाला त्रास होतो. घरात दमेकरी असेल तर साफसफाई दुसऱ्याने करावी, तोंडाला रुमाल बांधून.

एवढं करून महिन्याभरात आकडा हलला नाही तर जेल बदला, म्हणजे आतलं विष वेगळं असलेलं घ्या. १९९३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं की काही जर्मन झुरळं ग्लुकोजच टाळायला लागली होती. गोड आमिष खाणारी मरत गेली, न खाणारी वाढली. झुरळही आपल्यासारखंच शिकतं म्हणायचं, फक्त त्याला पिढ्या लागतात, आणि पिढी त्याची दोन-अडीच महिन्यांची.

बोरिक पावडर

जेल परवडत नसेल किंवा जागा फार असेल तर बोरिक अॅसिडची पावडर चालते. फ्रीजखाली, ट्रॉलीच्या मागच्या कोरड्या पट्टीत, कपाटाखाली अगदी पातळ थर, पावडर लावलेल्या गालासारखा. ढीग घातला तर झुरळ वळसा घालून जातं. ओली झाली की गठ्ठा होतो आणि उपयोग संपतो. कोरडी राहिली तर महिनोन्महिने टिकते.

कणकेच्या गोळ्या करणारे बरेच जण आहेत: दोन चमचे कणीक, एक चमचा पिठीसाखर, एक चमचा बोरिक, थोडा किसलेला कांदा, दुधाचे थेंब. चालतात, पण हळू. आमच्याकडे पुतण्या रांगत होता तेव्हा कपाटाखालून असा एक गोळा त्याने बाहेर काढला आणि तोंडाकडे नेला. पांढरा, गोल, पेढ्यासारखा. जाऊबाईंनी झडप घालून काढून घेतला. त्या दिवसापासून आमच्या घरात गोळ्या बंद. लहान मूल नसलेल्या घरातही मी त्या झाकणाला दोन भोकं पाडलेल्या डबीत ठेवायला सांगते.

खडूबद्दल एवढंच: ओट्यावर आणि जमिनीवर ज्या रेघा ओढतो, त्यावरूनच पोरं रांगतात. आणि तो खडू शाळेच्या खडूसारखाच दिसतो.

शेतातलं औषध घरात आणू नका

हे मोठ्याने सांगायला हवं. कपाशीवर फवारायचं औषध शेडमध्ये पडलेलं असतं, कोणीतरी म्हणतं, "याचं एक झाकण बादलीत टाक, झुरळाचं नाव राहणार नाही." नावही राहत नाही, आणि माणूसही आजारी पडतो. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. कपाशीच्या बऱ्याच औषधांवर लाल किंवा पिवळा असतो. ती उघड्या शेतासाठी आहेत, दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरासाठी नाहीत.

त्याहून भयंकर धान्यात टाकायच्या गोळ्या, अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावतात. कोठीच्या खोलीत झुरळं झाली म्हणून या गोळ्या कोपऱ्यात टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करा, नका. कुणाच्या पोटात काही गेलं किंवा गोळ्यांच्या खोलीत चक्कर, मळमळ, छातीत दाब वाटला तर माणसाला आधी उघड्या हवेत आणा, १०८ लावा, डबा किंवा पाकीट सोबत न्या. घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवण्यात वेळ घालवू नका.

गावाकडच्या धाब्याच्या घरात

सासरचं घर धाब्याचं आहे: लाकडी तुळया, त्यांवर किलचन म्हणजे लाकडी पट्ट्या, वर मातीचा थर. तिथे शहरातली रीत तशीच चालत नाही. मातीच्या भिंतीला जेल लावलं की माती ते शोषून घेते. आम्ही बाटलीच्या झाकणांत थेंब घालून ती कोनाड्यात, तुळईच्या टोकापाशी, भांड्यांच्या मांडणीमागे ठेवली. भेगा शेण-मातीने बुजवल्या आणि चुलीजवळच्या चुन्याने. सरपणाचा ढीग भिंतीला चिकटून होता, तो चार हात लांब सरकवला. बारदानं उन्हात झटकून टांगली. दादर ज्वारी आणि गहू भरायच्या आधी कोठीची खोली रिकामी करून कोपरे पुसले. मोठी झुरळं तिथे उकिरड्यावरून आणि गोठ्याकडून येतात. दाराच्या उंबऱ्याखालची फट जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकून बंद केली, तेव्हा निम्मी कमी झाली. सासूबाईंना ही पट्टी सगळ्यांत पसंत पडली, कारण विंचूही येईनासा झाला.

कोंबड्या असतील तर जेलने मेलेली झुरळं त्यांच्यापुढे पडू देऊ नका. आणि पाल दिसली तर हाकलू नका, ती रात्री आपलंच काम करत असते.

बाकीचे उपाय आणि पेस्ट कंट्रोल

तमालपत्र, लवंग, कापूर, कडुनिंबाचा पाला: वास तीव्र आहे तोवर झुरळ दोन हात लांब राहतं, एवढंच. डाळीच्या डब्यात ठेवायला ठीक. खाण्याचा सोडा आणि साखर मी महिनाभर करून पाहिलं, माझा भरवसा उडाला. डांबर गोळ्यांनी झुरळापेक्षा आपलंच डोकं जास्त दुखतं.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर एकट्याने करून पूर्ण भागत नाही. पाइपांच्या डक्टमधून झुरळं मजले चढतात. आम्ही त्या मजल्यावरच्या चार घरांनी एकाच रविवारी जेल लावलं (समोरच्या वहिनींना मी खरं काय झालं होतं तेही सांगून टाकलं) आणि खालच्या चेंबरची फुटकी झाकणं सोसायटीकडून बदलून घेतली. त्यानंतर मोठी झुरळं जवळजवळ दिसेनाशी झाली.

वस्ती फार झाली असेल, दिवसाही झुरळं दिसत असतील, तर माणूस बोलवावा. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आहे आणि पेस्ट कंट्रोलचा धंदा करायला परवाना लागतो, तो दाखवा म्हणावं. काय मारणार, त्याचं नाव पाकिटावर पाहावं. स्वयंपाकघरात जेल लावणार असतील तर बरं, नुसता फवारा मारून जाणार असतील तर पैसे देण्याआधी विचार करा. आणि दुसरी फेरी ठरवून घ्या. माझ्याकडे आलेल्याने पहिली फेरी मारली, वर्षभराची हमी दिली आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून मी निम्मे पैसे दुसऱ्या फेरीनंतर देते.

दिवसांचा हिशेब

अंड्यांमुळे एकदा करून भागत नाही. छोट्या जातीची अंडी महिन्याभरात फुटतात, मोठ्या जातीच्या पुडीला दीड-दोन महिने लागतात. म्हणून पहिल्या दिवशी रात्रीची फेरी, मोजणी आणि नाहणी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साफसफाई आणि जेल. पंधराव्या दिवशी सापळे मोजा आणि सुकलेले थेंब बदला. महिन्याने पुन्हा जेल, कारण नवी पिल्लं निघालेली असतात, आणि आता फटी बुजवा. पंचेचाळिसाव्या दिवशी मोजणी. साठाव्याला गरज वाटली तर वेगळं जेल. नव्वदाव्या दिवशी शेवटची मोजणी, मग महिन्यातून एकदा एक सापळा फ्रीजमागे आणि एक सिंकखाली.

माझे आकडे असे उतरले: ६३, मग ४१, मग २२, मग मध्येच ३० (हीच ती पिल्लं, इथे धीर सोडायचा नाही), मग ९, मग २. सुरुवात जानेवारीत केली तर आखाजीच्या पाहुण्यांपर्यंत घर निवांत होतं. माझी त्या वर्षी सुरुवातच मेमध्ये झाली, त्यामुळे आखाजीला नणंदेच्या पोरांनी झुरळं मोजायचा खेळ केला. पण श्रावणात कानबाईच्या सणासाठी घर धुऊन-पुसून काढलं, भिंतींना रंग दिला, तेव्हा फ्रीज सरकवला तर मागे फक्त सुकलेल्या कातींची धूळ होती.

कानबाईच्या आदल्या रात्री सवयीने टॉर्च घेऊन गेले. ओटा कोरडा, सिंक कोरडं. सापळ्यात एकच होतं, मोठं, तांबूस, गटारातलं. पाहुण्यांच्या बाथरूमची नाहणी आटली होती. तांब्याभर पाणी ओतलं आणि झोपले.